सुब्बुलक्ष्मींचं देणं

१९७४ सालच्या रॅमन मॅगसेसे पुरस्कारांच्या यादीत मद्रासच्या एका गायिकेचं नाव होतं: एम. एस. सुब्बुलक्ष्मी. भारतीय संगीतातल्या कुणाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याहून महत्त्वाचा आहे तो पुरस्काराचा विभाग. मॅगसेसेमध्ये पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादकला यांचा एक स्वतंत्र विभाग होता. सत्यजित राय यांना १९६७ मध्ये त्याच विभागात गौरवलं गेलं, पंडित रविशंकरांना १९९२ मध्ये. सुब्बुलक्ष्मींची निवड मात्र लोकसेवेच्या विभागात झाली. याच विभागात पुढे १९८५ मध्ये बाबा आमटे आले आणि १९९३ मध्ये पुण्याच्या डॉ. बानू कोयाजी. बाबांच्या मागे आनंदवन उभं होतं, बानूबाईंच्या मागे केईएम रुग्णालय आणि वढू गावातलं काम. सुब्बुलक्ष्मींनी ना दवाखाना काढला, ना आश्रम, ना शाळा. त्यांनी लोकसेवा केली ती गाऊन.

तीस वर्षांत दोनशेहून अधिक मदत-मैफली आणि त्यांतून उभे राहिलेले एक कोटीहून जास्त रुपये, असा तो हिशेब होता. पन्नास-साठच्या दशकांतला रुपया ज्यांनी पाहिलाय, त्यांना या आकड्याचं वजन वेगळं सांगायला नको. पैसा गेला रुग्णालयांना, शाळांना, वेगवेगळ्या सामाजिक आणि धार्मिक संस्थांना. एखाद्या मोठ्या कलावंतानं आयुष्यात चार-दोन कार्यक्रम मदतीसाठी करणं आपल्याला ठाऊक आहे. इथे देणं हाच कारकिर्दीचा कणा होता. ते कसं जमवलं, कुणी जमवलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवातीचा धागा पुण्यातून निघतो.

ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी, कस्तुरबा आणि त्यांच्यासोबतची काही माणसं येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होती. पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथे वारले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या आजही त्या आवारात शेजारी शेजारी आहेत. कस्तुरबांच्या मागे त्यांच्या नावानं राष्ट्रीय निधी उभारायचं ठरलं. गांधीजींना २ ऑक्टोबर १९४४ रोजी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून उद्दिष्ट ठेवलं ७५ लाखांचं. चिटणीसपदाची धुरा ठक्करबाप्पांकडे. पैसा खेड्यातल्या बायका-मुलांच्या आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी वापरायचा, अशी गांधीजींची अट. देशभरातून वर्गणी आली आणि रक्कम उद्दिष्टाच्या पुढे गेली. त्यातूनच पुढे इंदूरजवळच्या कस्तुरबाग्रामचं काम उभं राहिलं.

या निधीसाठी सुब्बुलक्ष्मी मद्रास प्रांतात पाच मैफली गायल्या. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मदतीसाठी गाण्याची त्यांची रीत तिथून सुरू झाली आणि जवळजवळ अर्धशतक चालली. पुण्यात कैदेत वारलेल्या एका बाईच्या नावानं मदुराईच्या एका बाईनं गळा मोकळा केला, त्यांतली एकही दुसरीच्या गावची नव्हती आणि दोघींची भाषाही एक नव्हती. स्वातंत्र्याच्या चळवळीनं देशाला जे दिलं त्यात ही असली नातीही धरली पाहिजेत.

सुब्बुलक्ष्मींचा जन्म १६ सप्टेंबर १९१६ चा, मदुराईचा. नावाआधीची दोन अक्षरं म्हणजे मदुराई आणि आई षण्मुखवडिवू. बापाचं नाव त्यात नाही. आई वीणावादक, घराणं देवदासी परंपरेतलं. मराठी वाचकाला हे समजायला दूर जावं लागत नाही. गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच काळात मुंबईत मानानं उभं राहण्यासाठी झगडत होत्या. गळ्यात विद्या होती, घर तिच्यावर चालत होतं आणि समाज त्या विद्येला टाळ्या देऊन त्या घराकडे पाठ फिरवत होता. मदुराईच्या त्या छोट्या घरातली मुलगी दहा वर्षांची असताना तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. विशीच्या आत मद्रासच्या रसिकांत तिचं नाव झालं.

पुढे तिच्या आयुष्यात त्यागराजन सदाशिवम आले. हे गृहस्थ चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, राजाजींचे, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचे, निष्ठावंत, आणि 'आनंद विकटन' या तमिळ साप्ताहिकाच्या जाहिरात विभागात काम केलेले. १९४० मध्ये दोघांचं लग्न झालं. सदाशिवम विधुर होते, पहिल्या पत्नीपासून त्यांना दोन मुली होत्या. त्यांतली राधा पुढे कित्येक वर्षं सुब्बुलक्ष्मींच्या मागे बसून साथीला गायली.

लग्नानंतर वर्षभरातच त्यांच्या आवाजावर पहिलं मोठं ओझं पडलं. सदाशिवम आणि लेखक रा. कृष्णमूर्ती, म्हणजे 'कल्की', यांना स्वतःचं साप्ताहिक काढायचं होतं. भांडवल नव्हतं. सुब्बुलक्ष्मींनी 'सावित्री' या चित्रपटात काम केलं आणि त्या पैशातून १९४१ मध्ये 'कल्की' साप्ताहिक उभं राहिलं. चित्रपटात त्यांची भूमिका होती नारदाची, म्हणजे पुरुषाची. पुढे याच साप्ताहिकातून 'पोन्नियिन सेल्वन' ही कादंबरी क्रमशः छापली गेली, जी आज तमिळ घराघरांत वाचली जाते. आधुनिक तमिळ साहित्यातल्या सगळ्यात लोकप्रिय कादंबरीच्या पायात एका गायिकेच्या चित्रपटाची कमाई आहे, हे तमिळ माणूस विसरत नाही. आपणही लक्षात ठेवावं, कारण मदतीच्या मैफलींची शिस्त इथेच घडली. घरातला एक जण गातो, दुसरा पैशाचं पाहतो, आणि आलेला पैसा घरात न थांबता कुठल्या तरी कामाला लागतो.

मग आला 'मीरा' चित्रपट. १९४५ मध्ये तमिळ, १९४७ मध्ये हिंदी. दिग्दर्शक होते एलिस डंगन, आणि हिंदी आवृत्तीत सुब्बुलक्ष्मींची ओळख करून द्यायला पडद्यावर सरोजिनी नायडू आल्या. 'मीरा'नं त्यांना विंध्याच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे नेलं. त्यानंतर त्यांनी चित्रपट कायमचा सोडला. कमाईचा सगळ्यात भरघोस रस्ता, ऐन भरात असताना, तिशीत बंद केला.

उत्तरेचं गाणं त्या मनापासून शिकल्या, हेही इथेच सांगतो. हिंदुस्थानी संगीतासाठी त्यांनी पंडित नारायणराव व्यासांकडे धडे घेतले. नारायणराव कोल्हापूरचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयाशिवाय, गावोगाव गाऊन जमवलेल्या पैशावर आणि लोकांच्या देणग्यांवर. मैफलीचा पैसा संस्थेत घालायचा, हा वसा आपल्याकडे त्यांनी रुजवला. एम.एस. यांच्या गळ्यातली मीरेची भजनं ऐकताना त्यांच्या मागे ही मिरज-कोल्हापूरकडची तालीमही उभी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मदतीसाठी कार्यक्रम करण्याची रीत मराठी माणसाला चांगली परिचयाची आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग आजही नाट्यवेडी घरं आठवतात. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. पुढे ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला, कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून. हे सगळं मोलाचं आहे. पण त्या त्या वेळी एकवटलेला तो जोर होता. सुब्बुलक्ष्मींचं वेगळेपण सातत्यात आहे. आज कस्तुरबा निधी, उद्या एखादं रुग्णालय, परवा एखाद्या शाळेची इमारत. मोसमामागून मोसम.

अशी मैफल नेमकी चालते कशी, हे बाहेरून दिसत नाही. तिकिटाच्या पैशातून आधी सभागृहाचं भाडं जातं, मग छपाई, प्रवास, ध्वनिव्यवस्था. उरलेलं कामाला. म्हणून नुसत्या तिकिटांवर कुणी अवलंबून राहत नाही. देणगी प्रवेशिका असतात, पहिल्या रांगा त्यांच्यासाठी राखलेल्या असतात आणि स्मरणिका निघते. स्मरणिकेतली जाहिरात हाच बहुतेक वेळा खरा पैसा. जाहिरात विभागात उमेदवारी केलेल्या सदाशिवम यांना हे गणित मुखोद्गत असणार. दुसरा प्रश्न साथीदारांचा. नामवंत गायिकेनं मानधन सोडणं एक वेळ परवडतं. व्हायोलिन, मृदंगम आणि घटमवाल्याला ते परवडेलच असं नाही, कारण मोसमातल्या पंधरा-वीस मैफलींवर त्याचं वर्ष चालतं. आपल्याकडेही मदतीच्या कार्यक्रमात तबलजी आणि संवादिनीवाद्याला 'समाजकार्य आहे' असं सांगून रिकाम्या हातानं परत पाठवणारे आयोजक आहेत. देणगी द्यायचा हक्क ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या मजुरीतून पुण्य करण्याचा हक्क कुणालाच नाही.

पैसा जमवणं आणि तो पोचवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. याचं सगळ्यात मोठं उदाहरणही एका भारतीय वादकाभोवतीच घडलं. १९७१ च्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्करानं कत्तल सुरू केली आणि वर्षभरात एक कोटीच्या आसपास निर्वासित भारतात आले. त्याआधी नोव्हेंबर १९७० मध्ये चक्रीवादळानं तो प्रदेश उद्ध्वस्त झालेलाच होता. रविशंकरांचं घराणं मुळात बंगालच्या त्याच भागातलं आणि गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्मही तिथलाच. एखादा कार्यक्रम करून वीस-पंचवीस हजार डॉलर पाठवावेत, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन याला विचारलं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन खेळ झाले, दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास श्रोते. सुरुवात सतार-सरोदच्या जुगलबंदीनं: रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवताना वाजलेल्या सुरांनाच त्या तरुण श्रोत्यांनी टाळ्या दिल्या, हा प्रसंग त्या मैफलीच्या चित्रपटात आजही दिसतो. श्रोत्यांना हे संगीत कळत नव्हतं, पण ते कशासाठी आलेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तिकिटांतून जमलेले २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफच्या हाती दहा-बारा दिवसांत गेले. तीन ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला, चित्रपट आला, आणि तिथे गाडं अडलं. आधीच एखाद्या धर्मादाय संस्थेमार्फत कार्यक्रम केला नसल्यामुळे अमेरिकेच्या करखात्यानं त्या उत्पन्नावर बोट ठेवलं. ब्रिटिश सरकार विक्रीवरचा कर सोडायला तयार झालं नाही. लाखो डॉलर वर्षानुवर्षं खात्यात पडून राहिले आणि ज्यांच्यासाठी गाणं झालं त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत बांगलादेश स्वतंत्र होऊन कित्येक वर्षं लोटली. हेतूत खोट कुठेच नव्हती. कागद आधी करायला हवे होते, ते झाले नाहीत, एवढंच. उपाशी माणसाच्या दृष्टीनं तो फरक फार मोठा असतो. नंतरच्या मोठमोठ्या मदत-कार्यक्रमांचे आयोजक यातून शहाणे झाले.

सदाशिवम यांची पद्धत जुनी आणि साधी होती. संस्था आधी ठरलेली, मैफल तिच्या नावानं, पैसा तिच्या खात्यात. गायिकेच्या घरातून तो फिरतच नसे. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. १९६३ मध्ये सुब्बुलक्ष्मींच्या आवाजातलं 'वेंकटेश सुप्रभातम' ध्वनिमुद्रित झालं. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात सकाळची पहिली कॉफी पिताना, कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर, तिरुपतीला निघालेल्या गाडीच्या डब्यात कुणाच्या तरी मोबाइलवर, महाराष्ट्रात ते कुठेही कानावर पडतं. भाषा कळो न कळो, घर जागं होतं. त्याची रॉयल्टी तिरुपतीच्या वेदपाठशाळेला दिलेली होती. साठ वर्षांहून अधिक काळ रोज पहाटे वाजणारं गाणं, आणि गाणाऱ्या बाईनं त्याचा पैसा आधीच दुसऱ्याच्या नावावर केलेला. मैफलीचं दान एका रात्रीत संपतं, हे दर सकाळी नव्यानं होत राहिलं.

२३ ऑक्टोबर १९६६ रोजी त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात गायल्या. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपतो. कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी या प्रसंगासाठी संस्कृत मैत्रीगीत रचून दिलं होतं आणि राजाजींनी एक इंग्रजी प्रार्थना लिहिली होती. दोन्ही रचना फक्त जगाच्या भल्याच्या, मागणं स्वतःसाठी काहीच नाही. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, मद्रास म्युझिक अकादमीनं त्यांना 'संगीत कलानिधी' केलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता कठीण भाग.

सुब्बुलक्ष्मींच्या मैफलीत काय गायचं, कुठल्या क्रमानं, किती वेळ, हे सदाशिवम ठरवत. ते पहिल्या रांगेत बसत आणि तिथून खुणा करत. कुठे गायचं, कुणासाठी गायचं, पैसा कुठे जायचा, हेही तेच ठरवत. टी. जे. एस. जॉर्ज यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या चरित्रात हे स्पष्ट मांडलंय. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१५ मध्ये 'कॅरॅव्हान' मासिकातल्या दीर्घ लेखात आणखी खोलवर जाऊन विचारलं: देवदासी घरातल्या एका धाडसी, तेजस्वी गायिकेचं सोज्ज्वळ ब्राह्मणी गृहिणीच्या प्रतिमेत रूपांतर होताना तिच्या गाण्यातलं काय काय गमावलं? त्या लेखावर तेव्हा खूप राग निघाला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. आणि मदतीच्या मैफली त्या प्रश्नाच्या अगदी मध्यावर आहेत.

कारण मदतीच्या मैफलीला येणारा श्रोता वेगळा असतो. देणगी प्रवेशिका घेऊन पुढे बसलेल्या उद्योगपतीला, मंत्र्याला, त्यांच्या कुटुंबाला ओळखीचं गाणं हवं असतं. कर्नाटक मैफलीचा गाभा म्हणजे सविस्तर रागालापना, नेरवल, कल्पनास्वर, आणि सगळ्यात अवघड रागम-तानम-पल्लवी. पल्लवी हा त्या काळी पुरुषांचा प्रांत मानला जाई, आणि सुब्बुलक्ष्मींकडे ती गाण्याची ताकद होती. पण शेवटच्या तासातली भजनं, स्तोत्रं, वेगवेगळ्या भाषांतली छोटी पदं यांची मागणी वर्षागणिक वाढत गेली. तिकीट खपायचं असेल तर ती गायलाच हवीत. गायिकेनं मानधन दिलं हे सगळ्यांना दिसतं. तिनं मैफलीतला अवघड गाण्याचा वेळही दिला असेल, तर ते दान कुठल्या पावतीवर येत नाही.

तिसरी बाजूही आहे. देवदासी घरातल्या बाईच्या कमाईकडे समाज ज्या नजरेनं पाहत होता, ती कमाई देशासाठी, रुग्णांसाठी, देवासाठी दिली की नजर बदलत होती. केसरबाईंनी आणि मोगूबाईंनी समाजातला मान गाण्यावर आणि करारीपणावर मिळवला. सुब्बुलक्ष्मींच्या दानामागे असा काही हिशेब होता असं मी म्हणत नाही. पण दान केल्यामुळे त्यांना जे पूज्यपण मिळालं, त्यात तत्कालीन समाजाची ही अटही मिसळलेली होती. हे न बोलता त्यांची आरती करणं त्यांच्यावर अन्याय आहे.

मग देणारं कोण, सदाशिवम की सुब्बुलक्ष्मी? माझं उत्तर असं आहे. निर्णय सदाशिवम यांचे असतील, पण श्रम सुब्बुलक्ष्मींचे होते, आणि त्या श्रमांत त्यांनी कधी कसर केली नाही. मदतीची मैफल आहे, चालून जाईल, हा विचार त्यांच्या ध्वनिमुद्रणांत कुठे ऐकू येत नाही. ज्या भाषेत गायच्या तिचे उच्चार त्या जाणकारांकडून घटवून घेत, मग ती संस्कृत असो, तेलुगू असो की हिंदी. फुकटच्या गाण्यात हात आखडता घ्यायचा नाही, ही शिस्त सदाशिवम यांना खुणा करून लावता आली नसती. ती त्यांची स्वतःची होती.

याची कसोटी लागली ती त्यांच्याच अडचणीच्या काळात. दुसऱ्यांसाठी कोटभर रुपये उभे करणाऱ्या या जोडप्याकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्वतःपुरताही पैसा उरला नाही. किल्पॉकमधला 'कल्की गार्डन्स' हा प्रशस्त बंगला सोडून ते लहान घरात राहायला गेले. तिरुमला तिरुपती देवस्थानाचे तेव्हाचे कार्यकारी अधिकारी पी. व्ही. आर. के. प्रसाद यांना मदत करायची होती. पण मदत म्हणून दिलेला पैसा हे दांपत्य घेणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून देवस्थानानं पाच ध्वनिमुद्रिकांच्या 'बालाजी पंचरत्नमाला'चं काम त्यांना दिलं, तेलुगू संतकवी अन्नमाचार्यांच्या कीर्तनांसह. पैसा आला तो कामाचा मोबदला म्हणून. साठी ओलांडलेल्या सुब्बुलक्ष्मींनी नवी तेलुगू पदं पाठ केली, उच्चार पुन्हा तपासून घेतले आणि विद्यार्थिनीसारख्या तालमीला बसल्या. अन्नमाचार्यांची कितीतरी पदं दक्षिणेबाहेरच्या घरांत पोचली ती याच संचामुळे. मला त्यांच्या सगळ्या देणग्यांहून हा प्रसंग मोठा वाटतो. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलं म्हणून आता मला द्या, असं त्या म्हणाल्या नाहीत. काम मागितलं नाही, आलेलं काम नीट केलं.

मुंबईनं त्यांना भरभरून ऐकलं. १९६३ मध्ये उभं राहिलेलं सायन-माटुंग्याचं षण्मुखानंद सभागृह, दोन हजार सातशेहून जास्त खुर्च्यांचं, त्यांच्या मैफलींना भरून जाई. माटुंग्याच्या तमिळ घरांतल्या कांजीवरम साड्या आणि दादर-गिरगावातून आलेले मराठी रसिक एकाच रांगेत बसत.

२१ नोव्हेंबर १९९७ रोजी सदाशिवम गेले. त्यानंतर सुब्बुलक्ष्मी जाहीर मैफलीत गायल्या नाहीत. १९९८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, संगीतक्षेत्रातलं पहिलं. ११ डिसेंबर २००४ रोजी त्या गेल्या.

सदाशिवम जाण्याच्या तीन आठवडे आधी, ३० ऑक्टोबर १९९७ रोजी, सुब्बुलक्ष्मींनी इच्छापत्र केलं होतं. त्यात त्यांनी लिहून ठेवलं की आपल्या नावानं किंवा आठवणीत कुठलाही न्यास, प्रतिष्ठान, स्मारक करू नये, पुतळा किंवा अर्धपुतळा उभारू नये आणि त्यासाठी कुणी निधी किंवा देणग्या गोळा करू नयेत. ज्या बाईनं कस्तुरबांच्या स्मारक निधीसाठी गाऊन सुरुवात केली, तिनं स्वतःसाठी असा निधी नको म्हणून सांगितलं. २००६ मध्ये तिरुपतीत त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२४ मध्ये त्यांच्या नावानं दिल्या जाणाऱ्या एका पुरस्कारावरून नातवानं मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या वर्षी तो पुरस्कार जायचा होता टी. एम. कृष्णा यांना. न्यायालयं काय ठरवायचं ते ठरवतील. इच्छापत्रातला मजकूर मात्र कुणालाही वेगळा अर्थ लावायला जागा ठेवत नाही.

तेव्हा ज्यांना त्यांचं ऋण मानायचं असेल त्यांनी त्यांच्या नावाची वर्गणी काढू नये. या हिवाळ्यात आपल्या गावात कुठल्या तरी रुग्णालयासाठी, वसतिगृहासाठी, पूरग्रस्तांसाठी मैफल होईल. तिचं तिकीट स्वतःच्या पैशानं काढा, मोफत प्रवेशिका मागू नका. साथीदारांना बिदागी मिळाली का, ते विचारा. आणि दोन महिन्यांनी आयोजकांकडे जाऊन किती रक्कम जमली, किती खर्च झाली आणि किती पोचली, याचा हिशेब मागा.